ठसा पाहावा, बोटे मोजावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोड सुरू झाली की वाळवा, शिराळा, कराड, पाटण या पट्ट्यात बिबट्याच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर ठशांची छायाचित्रे. सरीतल्या ओल्या मातीत उमटलेले एक पाऊल आणि खाली ओळ : 'परिसरात बिबट्याचा वावर'. फोनवरून फिरणाऱ्या आणि कधी कधी वर्तमानपत्रातही छापल्या जाणाऱ्या अशा कितीतरी छायाचित्रांत चारही बोटांच्या टोकाला नखांचे खड्डे स्वच्छ दिसतात. ते पाऊल कुत्र्याचे असते.

अशा बातमीने काय होते, ते वस्तीवर राहणाऱ्याला सांगायला नको. टोळ्या फडात उतरत नाहीत, रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला कोणी जात नाही, मुलांची शाळा बुडते आणि काठ्या घेतलेला जमाव एखाद्या तरसावर नाहीतर रानमांजरावर तुटून पडतो. दोन-चार वेळा खोटी आवई उठली की पुढे खरोखरच वाघरू येते तेव्हा कोणी मनावर घेत नाही. खरा धोका तिथे आहे. हे टाळायला फार काही लागत नाही. बोटे मोजावीत, नखे शोधावीत आणि तळव्याच्या गादीची मागची कड पाहावी. पत्र थोडे लांबले आहे, तरी छापावे ही विनंती.

बिबट्याच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात, मागच्याला चार. पुढचे पाचवे बोट म्हणजे अंगठा. तो मनगटाजवळ, वर असतो आणि जमिनीला टेकत नाही. त्यामुळे ठशात चारच बोटे उमटतात. कुत्र्याचेही नेमके असेच. म्हणजे 'चार बोटे आहेत' एवढ्यावरून काहीच ठरत नाही, आणि पहिली चूक इथेच होते.

दुसरी खूण नखांची. मांजरकुळातले जनावर चालताना नखे आत ठेवते, कुत्रा ठेवू शकत नाही. पण ही खूणही एकटी पुरत नाही. निसरड्या चिखलात, पाटाच्या उतारावर किंवा झेप घेताना बिबट्याही नखे रोवतो आणि ती उमटतात. उलट कडक, वाळलेल्या पाणंदीवर कुत्र्याची नखे दिसतीलच असे नाही. म्हणून एका ठशावर थांबू नये. ओळीने दहा-बारा पावले पाहावीत. सपाट, मऊ जागेतल्या प्रत्येक पावलात नखे असतील तर ते जनावर मांजरकुळातले नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण मधल्या मोठ्या गादीची. बिबट्याची गादी रुंद असते. तिची पुढची कड बोथट, जवळजवळ आडवी असते आणि मागच्या कडेला तीन गोलाकार फुगवटे ओळीत दिसतात. कुत्र्याची गादी त्रिकोणी असते, पुढे एकच टोक आणि मागे आत वळलेली कड. आता बोटे पाहावीत. कुत्र्याची मधली दोन बोटे बरोबरीने पुढे असतात आणि बाजूची दोन बरोबरीने मागे, त्यामुळे ठशाचे डावे-उजवे अर्ध एकमेकांसारखे असते. गादी आणि बोटांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फुलीच्या दोन रेघा ओढल्या तर त्या बोटांना न छेदता निघून जातात. बिबट्याच्या ठशात अशी फुली बसत नाही, कारण त्याचे एक बोट बाकीच्यांच्या पुढे असते. अंगठा आत दुमडून डावा हात टेबलावर पालथा ठेवून पाहावे. मधले बोट सर्वांत पुढे आणि मध्यापासून जरा उजवीकडे दिसते. बिबट्याच्या डाव्या पावलाचेही तसेच. पुढचे बोट उजवीकडे असेल तर पाऊल डावे, डावीकडे असेल तर उजवे.

मापाबद्दल दोन शब्द. पूर्ण वाढलेल्या बिबट्याचे पाऊल साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद भरते, मादीचे त्याहून थोडे लहान. वस्तीवरच्या दांडग्या कुत्र्याचे पाऊलही सात सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे 'केवढा मोठा ठसा' हा पुरावा नाही. बारा सेंटिमीटरच्या पुढे माप गेले तर मात्र वाघाचा विचार करावा. चांदोली-कोयनेच्या कडेला तो अशक्य नाही. माप घ्यायचे ते ठशाच्या तळाचे, वरच्या कडेचे नव्हे. ओल्या मातीत पाय रुतताना बोटे फाकतात, काठ ढासळतात, दुसऱ्या दिवशी उन्हाने माती आकसून भेगा पडतात आणि मांजराएवढे पाऊल बिबट्याएवढे दिसू लागते.

उसात चार बोटे उमटवणारे आणखीही बरेच आहेत. कोल्ह्याचा ठसा लहान कुत्र्यासारखा असतो, पण त्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींना जोडलेल्या असतात. मऊ फुफाट्यात हे स्पष्ट कळते. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळावरचा लांडगा म्हणजे मोठ्या कुत्र्याचेच पाऊल. त्याचा ठसा लांबट असतो आणि मधली बोटे चांगलीच पुढे आलेली असतात. एका ठशावरून लांडगा की कुत्रा हे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चाल पाहावी लागते. लांडगा माळावरून सरळ रेषेत लांबवर जातो, कुत्रा दर चार पावलांना काहीतरी हुंगायला वळतो. तरसाच्या मात्र चारही पायांना चारच बोटे, अंगठा मुळीच नाही. नखे बोथट आणि ठळक उमटतात, बोटे एकमेकांना चिकटलेली दिसतात. पुढचा पंजा मागच्यापेक्षा इतका मोठा असतो की दोन वेगळी जनावरे गेली असे वाटावे. एकाच ओळीत मोठे आणि लहान पाऊल आलटून पालटून दिसले तर ते तरस असण्याचीच शक्यता जास्त. ते मेलेल्यावर जगते, त्याला मारण्यात गावाचा काही फायदा नाही.

पाच बोटे स्पष्ट उमटली असतील तर बिबट्याचा विषय तिथेच संपतो. उदमांजर, मुंगूस आणि अस्वल पाचही बोटे टेकवतात. उदमांजराचे पाऊल पाहून 'बिबट्याचे पिल्लू' अशी हाकाटी होते; पाच बोटे मोजली असती तर झाली नसती. साळिंदराच्या पुढच्या पायाला चार बोटे उमटतात, मागच्याला पाच, आणि त्याच्या मागे काटे घासत गेल्याच्या बारीक रेघा असतात. अस्वलाची पाच बोटे जवळजवळ एका आडव्या रेषेत असतात, त्यांच्या पुढे बऱ्याच अंतरावर लांब नखांचे खड्डे, आणि मागचे पाऊल माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देते.

नखे आत जातात म्हणजे काय, याचाही खुलासा करायला हवा, कारण मांजर मुद्दाम नखे 'आवरते' असा समज आहे. मांजरकुळात बोटाचे शेवटचे हाड लवचीक बंधाने मागे ओढलेले असते आणि नख आपोआप कातडीच्या खोबणीत राहते. ते आत ठेवायला कष्ट पडत नाहीत. बाहेर काढायला स्नायू ताणावा लागतो. जमिनीवर घासत नसल्याने ते धारदार राहते, आणि भक्ष्य पकडायला व झाडावर चढायला तेच लागते. कुत्रा, लांडगा पाठलाग करून शिकार करतात. त्यांना पकड हवी ती जमिनीची, म्हणून त्यांची नखे बोथट आणि सतत बाहेर. चित्ता मांजरकुळातला असूनही धावणारा. त्याच्या नखांना पुरती खोबण नाही आणि ती ठशात उमटतात. जनावर ज्या कामासाठी पाय वापरते त्या कामाचा छाप पायावर असतो, मग ते कुठल्याही कुळातले असो.

सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि बेडूक यांच्या पायाचा मूळ आराखडा पाच बोटांचा आहे. जमिनीवर येऊ लागलेल्या अगदी पहिल्या चतुष्पादांत, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी, आठ बोटांचेही पाय होते. ग्रीनलंडमध्ये सापडलेल्या अकँथोस्टेगाच्या जीवाश्मात ती मोजता येतात. पुढे आकडा पाचावर स्थिरावला, आणि त्यानंतर बहुतेक जातींत बोटे कमी झाली, वाढली क्वचितच. धावणाऱ्याची बोटे घटतात. पाय जितका खाली हलका, तितका तो लवकर पुढे फेकता येतो. माणूस आणि अस्वल टाच टेकवून पूर्ण तळव्यावर चालतात. कुत्रा-मांजर टाच उचलून बोटांवर चालतात. गाय-घोडा तर बोटाच्या टोकावरच्या नखावर उभे असतात. त्यामुळे बैलाच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरे तर त्याचे मनगट आहे, आणि मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा म्हणजे घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. लंगडणाऱ्या जनावराचे दुखणे कुठे आहे हे डॉक्टरांना फोनवर सांगताना एवढे ठाऊक असले तरी वेळ वाचतो.

घोड्याचा खूर म्हणजे त्याचे मधले, तिसरे बोट. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या कुत्र्याएवढ्या पूर्वजाला पुढे चार आणि मागे तीन बोटे होती. दुसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या उरलेल्या खुणा, दोन बारीक हाडे, आजही घोड्याच्या नळीच्या दोन बाजूंना हाताने चाचपता येतात. गेंड्याला तीन बोटे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण यांचा भार तिसऱ्या आणि चौथ्या बोटावर. दुसरे आणि पाचवे मागच्या बाजूला दोन छोट्या खुरांच्या रूपाने लोंबते. उंटालाही दोनच बोटे, पण तो खुरावर नाही, खालच्या रुंद गादीवर चालतो, म्हणून वाळूत रुतत नाही. हत्तीच्या पायात बोटे पाच, पण ती चरबीच्या जाड गादीत बुडालेली असतात आणि बाहेर दिसतात ती फक्त नखे. त्याच्या पुढच्या पावलाचा घेर दोरीने मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ बरोबर येते. हत्ती न पाहता त्याचे मोठेपण सांगणारी ही जुनी रीत आजही वापरतात.

शिवारात खुरांचे ठसे ओळखायची वेळ येते ती मुख्यतः रानडुक्कर आणि गवा यांच्यामुळे. रानडुकराची मागची दोन छोटी बोटे खाली आणि बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे मऊ मातीत मुख्य दोन खुरांच्या मागे, त्यांच्याहून रुंद अंतरावर, दोन खड्डे पडतात. हरणाची वरची बोटे उंच असल्याने ती खोल चिखलात किंवा उडी मारतानाच टेकतात. मक्याच्या रानात दोन खुरांचा ठसा दिसला आणि मागे रुंद दोन खड्डे असतील तर ते डुक्कर; शेजारी मुसंडीने उकरलेली माती असतेच. गव्याचा ठसा म्हशीच्या ठशाशी घोळतो. म्हशीचे खूर फताडे आणि फाकलेले, गव्याचे त्याच्या आकारमानाच्या मानाने आटोपशीर आणि टोकाकडे निमुळते. तरी खात्री करायची तर शेणाची आणि वाटेची जोड घ्यावी.

इथे आपल्या गोठ्याबद्दल लिहायलाच हवे. जंगली जनावराच्या ठशाने गाव जागे होते, आणि दावणीच्या गाईचे खूर वर्षभर कोणी उचलून पाहत नाही. दोन बोटांच्या पायाची कमजोर जागा म्हणजे मधली फट. शेण, मूत, खडे, काटे सगळे तिथे साठते. लाळ्या-खुरकुताचे फोड तोंडात, सडांवर आणि नेमके या फटीत येतात, आणि माशा बसून तिथे अळ्या पडतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण, गवा ही सगळी दुभंगलेल्या खुराची जनावरे या रोगाला बळी पडतात; घोड्याला तो होत नाही. लस ओ, ए आणि एशिया-१ या तिन्ही प्रकारांवरची असते आणि दर सहा महिन्यांनी द्यायची असते. एक फेरी चुकली की संरक्षण तुटते.

खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढतो. माळावर चरणाऱ्या खिलारचा खूर काळा, कठीण आणि आटोपशीर असतो, आणि चालून चालून वाढीएवढीच झीजही होते. सिमेंटच्या ओल्या कोब्यावर बांधलेल्या संकरित गाईचे तसे नाही. ओलाव्याने खूर मऊ पडतो, पुढचे टोक लांबून वर वळते, भार मागे टाचेवर जातो आणि तिथे आत जखम होते. मागच्या पायात बाहेरचा खूर आतल्यापेक्षा जास्त भार घेतो आणि जास्त वाढतो. बहुतेक लंगडेपणाचे मूळ या बाहेरच्या मागच्या खुरात सापडते. म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. वर्षातून दोनदा खूर साळावेत, एकदा गाय आटवताना आणि एकदा वेतानंतर तीन-चार महिन्यांनी. मोठ्या होल्स्टीन संकरित गाईत केसांच्या कडेपासून टोकापर्यंत पुढची भिंत साडेसात ते आठ सेंटिमीटरपेक्षा आखूड करू नये. तळवा अंगठ्याने दाबला आणि दबला की लगेच थांबावे; त्याच्या आत रक्ताचा जिवंत भाग आहे. टाच कमी करू नये. चूक होते ती बहुधा इथेच. टोक लांब दिसते म्हणून सगळा तळवाच सपाट खरवडला जातो, आणि बरी असलेली गाय दुसऱ्या दिवशी उठत नाही.

खुरांच्या धुण्यासाठी १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद, म्हणजे पाच टक्के. पाणी १० ते १२ सेंटिमीटर खोल असावे आणि हौद इतका लांब की प्रत्येक पाय किमान दोनदा त्यात पडेल. आधी साध्या पाण्याने शेण धुऊन घ्यावे, नाहीतर शेणाने मोरचुदाचा जोर जातो आणि हौद नावापुरता राहतो. हे पाणी मेंढ्यांना पिऊ देऊ नये, तांबे त्यांना फार लवकर बाधते. उरलेले विहिरीच्या कडेला ओतू नये.

ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्र्या मारतात, त्यातही बोटांचाच हिशोब आहे. घोड्याला एक खूर म्हणून एक नाल. बैलाला दोन खूर, आणि चालताना ते सुटे सुटे हलतात, म्हणून प्रत्येक खुराला वेगळी पत्री. दोन्हींना जोडणारी एकच पट्टी मारली तर फट आवळली जाते. खिळा खुराच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरूनच जायला हवा आणि तिरका होऊन भिंतीतून बाहेर निघायला हवा. आत गेला तर बैल त्याच दिवशी पाय टेकवायचे टाळतो. मग पत्री ताबडतोब काढून भोक धुवावे आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. चार दिवस वाट पाहिली की आत पू होतो.

माडग्याळ मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी एक लहान गोष्ट. मेंढीच्या चारही पायांत, दोन खुरांच्या फटीच्या वर पुढच्या बाजूला एक बारीक छिद्र असते आणि त्यातून मेणासारखा स्राव येतो. ती वासाची ग्रंथी आहे. जखम किंवा किडा समजून ती टोकरतात आणि मग खरोखरच जखम होते. शेळीला ही ग्रंथी नसते. छिद्र माती-काट्याने बुजून सूज आली तरच कोमट पाण्याने साफ करावे.

आता नदीकडे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या कृष्णाकाठच्या गावांत गाळावरचा ठसा ओळखणे हा जिवाचा प्रश्न आहे. मगरीच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात, मागच्याला चार. मागचा पाय मोठा, बोटांत पडदा, आणि प्रत्येक पायाच्या आतल्या तीनच बोटांना नखे. दोन्ही बाजूंच्या पावलांच्या मधून शेपटी ओढल्याची जाड रेघ जाते, आणि पाण्याच्या कडेला पोट घसरल्याचा गुळगुळीत पट्टा दिसतो. घोरपडही शेपटी ओढते, पण तिच्या चारही पायांना पाच-पाच लांब, नखे असलेली बोटे असतात, रेघ बारीक आणि नागमोडी असते आणि पोटाचा रुंद पट्टा नसतो. पाणमांजराच्या पाचही बोटांमध्ये पडदा असतो आणि त्याच्या वावराच्या जागी माशांच्या खवल्यांची विष्ठा सापडते. मागच्या पावलात चार बोटे आणि पोटाचा पट्टा दिसला तर त्या घाटावर धुणे, म्हशी धुणे आणि मोटरीचा फूटव्हॉल्व्ह काढायला एकट्याने उतरणे बंद ठेवावे. मगर ऊन खायला त्याच त्याच जागी येते.

पक्ष्यांना बहुधा चार बोटे. कोंबडी, कावळा, चिमणी यांची तीन पुढे आणि एक मागे. पोपट, सुतार, कोकिळ आणि बांधावरचा भारद्वाज यांची दोन पुढे, दोन मागे. घुबड बाहेरचे बोट गरजेप्रमाणे पुढे किंवा मागे वळवते. कोंबडीच्या पायातली हाडे शिक्षकांनी वर्गात जरूर मोजून दाखवावीत. मागच्या बोटात दोन, मग आतल्यापासून बाहेरच्या बोटापर्यंत तीन, चार आणि पाच. धावणाऱ्याची बोटे घटतात हा नियम इथेही लागू होतो. इमूला तीन, शहामृगाला दोनच. आपल्या माळांवर एकेकाळी दिसणाऱ्या माळढोकाला मागचे बोट नाहीच, म्हणून तो फांदी पकडू शकत नाही. त्याचे सगळे आयुष्य जमिनीवर, अंडेही जमिनीवर. माळ नांगरला की त्याला उडून जाऊन बसायला झाडाचा आधार नाही. धाविक आणि करवानक हेही तीन बोटांचेच, आणि त्यांनाही माळच लागतो.

पाणपक्ष्यांची गोष्ट वेगळी. बदकाच्या पुढच्या तीन बोटांत पडदा, पाणकावळ्याच्या चारही बोटांत. वारकरी पक्ष्याच्या बोटांत अखंड पडदा नाही, प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी पाळी आहेत, म्हणून तो पोहतोही आणि चिखलात चालतोही. कमळपक्ष्याची बोटे आणि नखे इतकी लांब की त्याचा भार पानावर पसरतो आणि पान बुडत नाही. मायणीच्या तलावावर येणाऱ्या रोहितच्या बोटांतही पडदा असतो. उथळ गाळात उभे राहायला तो उपयोगी.

बेडकाला पुढे चार, मागे पाच बोटे. पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर लाखो सूक्ष्म केस. भिंतीच्या कणांशी या केसांचे जे अतिसूक्ष्म आकर्षण होते त्यावर ती चिकटते. गोंद नाही, शोषण नाही. बागेतल्या सरड्याला अशा पट्ट्या नाहीत, म्हणून तो काचेवर चढत नाही. शॅमेलिऑनची बोटे दोन आणि तीन अशा दोन जुड्यांत जोडलेली असतात, फांदीला चिमट्यासारखी धरायला.

शेवटी ठसा जपून ठेवण्याबद्दल. छायाचित्र अगदी वरून, सरळ रेषेत घ्यावे, तिरके नको. सकाळी किंवा सायंकाळी ऊन कलते असताना घेतले तर खड्डे उठून दिसतात. दुपारच्या उन्हात ठसा सपाट दिसतो. शेजारी पट्टी ठेवावी. ती नसेल तर दहा रुपयांचे नाणे चालते, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. चपलेचा पाय शेजारी ठेवून काढलेल्या छायाचित्रावरून माप काढता येत नाही. साचा घ्यायचा तर ठशाभोवती तीन-चार सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याचे कडे बसवावे, दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी या प्रमाणात लापशी करावी आणि कडेने हळू ओतावी, थेट बोटांवर नाही. एका ठशाला अर्धा किलो पुरते. तळाशी पाणी साचले असेल तर आधी कोरडे प्लास्टर भुरभुरावे. अर्ध्या तासाने उचलावा, माती दुसऱ्या दिवशी धुवावी. घाईने धुतला तर बोटांच्या कडा निघून जातात.

ठशावरून कोणते जनावर हे सांगता येते, किती जनावरे हे नाही. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ठसे काचेवर गिरवून वाघ मोजण्याची पद्धत आणली आणि देशभर अनेक वर्षे ती चालली. माती बदलली की त्याच वाघाचा ठसा बदलतो, हा तिचा दोष होता. सरिस्कातले सगळे वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर ती पद्धत मागे पडली आणि कॅमेरे आले. तेव्हा 'ठशांवरून तीन बिबटे असल्याचा अंदाज' अशी ओळ कृपया छापू नये. ठशाचे छायाचित्र पट्टी किंवा नाण्यासह असेल तरच घ्यावे, आणि त्यात नखे दिसत असतील तर वनरक्षकाला विचारून मगच मथळा द्यावा. हंगामाच्या सुरुवातीला कुत्रा, बिबट्या आणि तरस यांचे ठसे खऱ्या मापात शेजारी शेजारी छापले तर ते कापून गोठ्याच्या दाराला लावता येतील.

आणि शेतात ठसा दिसलाच तर त्यावरून बैल किंवा माणसे जाऊ देऊ नयेत. घमेले पालथे घालून ठेवावे, वर दगड ठेवावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पाऊस नसेल तर घमेल्याखालचा ठसा दुसऱ्या दिवशीही वाचता येतो.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक,
शिराळा, जि. सांगली